वीगन होताना मन का थकतं: पहिल्या बारा आठवड्यांचा आराखडा

वीगन आहार, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीही न घेणारा आहार, सुटतो तो बहुतेक वेळा संध्याकाळी. दिवसाचं काम उरकलेलं असतं, पोटात कावळे ओरडत असतात, फ्रीजचं दार उघडं धरून माणूस उभा असतो आणि आत चालेल असं काहीच दिसत नाही. मनात येतं, ‘आपल्याला हे जमणार नाही.’ दुपारी काय खाल्लं होतं ते आठवून पाहिलं, तर वाडगाभर सॅलड आणि एक सफरचंद, म्हणजे जेमतेम दोनशे-अडीचशे कॅलरी. कमी पडलं होतं ते जेवण; दोष मात्र निर्धाराला गेला.

आहार बदलला की पोट, सवयी, घरातली माणसं आणि रोजचे पन्नास छोटे निर्णय एकाच वेळी हलतात. त्याचा ताण येतोच. तो कुठून येतोय हे ओळखता आलं नाही, तर खापर एक तर आहारावर फुटतं किंवा स्वतःच्या स्वभावावर. म्हणून इथे क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी वेळ, मग कारण, मग पोट, आणि मनाला आवरण्याच्या युक्त्या सगळ्यात शेवटी. पोट उपाशी असताना त्या युक्त्या टिकत नाहीत.

सुरुवात कधी करायची

घर बदलणं, परीक्षा, नवी नोकरी, घरातलं आजारपण, तान्हं बाळ, नुकतंच गमावलेलं माणूस, यांपैकी काही चालू असेल तर महिना-दोन महिने थांबा. थांबणं म्हणजे माघार नव्हे. नवी सवय रुजताना लक्ष लागतं, आणि ते लक्ष आधीच दुसरीकडे गुंतलेलं असेल तर पहिल्याच आठवड्यात ओढाताण होते. निदान दोन आठवडे घरी स्वयंपाक करता येईल आणि झोप सात तासांच्या आसपास राहील, असा काळ निवडा. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं. दोन रात्री नीट झोप न झालेल्या माणसाला गोड-तेलकट खाण्याची जी ओढ लागते, तिचा संबंध वीगन आहाराशी जोडायचं कारण नाही.

सुरू करण्याआधी रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२ आणि ड जीवनसत्त्व. पुढे कधी थकवा आला तर तुलनेला आकडा हाताशी असतो. नुसत्या अंदाजाने ‘आहारामुळेच असेल’ असं म्हणत बसण्याचा ताण त्यामुळे वाचतो.

तीन गोष्टींत डॉक्टरांशी आधी बोलणं आवश्यक आहे. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असाल तर आहार बदलल्यावर साखर खाली येऊ शकते आणि डोस बदलावा लागू शकतो. शिवाय मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधामुळे बी १२ कमी होऊ शकतं, म्हणजे इथे काळजी दुप्पट. तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. पूर्वी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल, उपाशी राहण्याची किंवा खाऊन उलटी काढण्याची सवय असेल, तर नव्या नियमांची यादी त्या आजाराला आयतं निमित्त देते. अशा वेळी आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय सुरुवात करू नये.

‘चालत नाही’ आणि ‘घेत नाही’

एका कागदावर आपलं कारण लिहा. प्राण्यांसाठी, तब्येतीसाठी, पर्यावरणासाठी, जे असेल ते. पण एका वाक्यात आणि आपल्या शब्दांत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर अनेक वर्षं जे काम केलं, त्याचा गाभा असा की स्वतःला पटून केलेली गोष्ट टिकते आणि दबावाखाली किंवा अपराधी वाटून केलेली गोष्ट थकवते. जोडीदाराला बरं वाटावं म्हणून किंवा चार लोकांत आपण मागे दिसू नये म्हणून सुरू केलं असेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. कारण उसनं असेल तर पहिल्याच धकाधकीच्या आठवड्यात ते उतरतं.

बोलण्यातही याची खूण दिसते. ‘मला दूध चालत नाही’ म्हटलं की बंदी कोणीतरी बाहेरून घातल्यासारखी वाटते, आणि बंदी मोडावीशी वाटणं साहजिक आहे. ‘मी दूध घेत नाही’ म्हटलं की निवड आपली असते. दोन आठवडे जाणीवपूर्वक दुसरं वाक्य वापरून पाहा. समोरच्याचे प्रश्नही कमी होतात.

मनाच्या धारणेचा परिणाम पोटापर्यंत पोहोचतो, याचा एक नेमका पुरावा आहे. येल विद्यापीठात असताना अलिया क्रम यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच प्रकारचं, ३८० कॅलरींचं मिल्कशेक लोकांना दोन वेळा दिलं. एकदा लेबलवर ‘६२० कॅलरी, भरपूर चवदार’ असा सूर, तर दुसऱ्यांदा ‘१४० कॅलरी, शहाण्यांचं’ असा. पेय तेच होतं, तरी भरगच्च समजून प्यायल्यावर घ्रेलिन अधिक झपाट्याने खाली आलं. जेवणाकडे ‘आज यावर भागवायचं’ म्हणून पाहिलं तर शरीरही तसंच वागण्याची शक्यता असते.

याचा स्वयंपाकघरात उपयोग करा. फ्रीजवरच्या यादीत ‘उकडलेली भाजी’ लिहू नका. ‘लसणात परतलेले, कडा कुरकुरीत झालेले बटाटे’ लिहा आणि खरंच तसे करा. ताट नीट वाढा, बसून जेवा. उभ्याने डब्यातून खाल्लेल्या जेवणाने पोट भरतं, पण आपण जेवलो असं वाटत नाही.

बारा आठवडे कसे वाटून घ्यायचे

काही जणांना एक घाव दोन तुकडे केलेलेच बरे वाटतात. नैतिक कारण पक्कं असेल तर रोज थोडं-थोडं सोडणं त्यांना उलट जास्त त्रासाचं होतं. अशांनी एकदम बदल करावा, पण पहिला महिना जेवण अगदी साधं ठेवावं: ठरलेले दोन नाश्ते, तीन दुपारची जेवणं, तीन रात्रीची, तीच आलटून-पालटून. नव्या पाककृतींची हौस दुसऱ्या महिन्यात भागवता येते.

बाकीच्यांसाठी हा क्रम सोपा जातो.

पहिले दोन आठवडे काहीही बंद करू नका, फक्त भर घाला: रोज एका जेवणात कडधान्य, डाळ किंवा टोफू (सोया दुधाचं पनीर). तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात नाश्ता पूर्ण वीगन करा. नाश्ता बहुधा घरी आणि एकट्याने होतो, त्यात वैविध्याची अपेक्षाही कमी असते, म्हणून सुरुवात तिथून. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुपारचं जेवण, सातव्या-आठव्यात रात्रीचं. नवव्यापासून पुढे बाहेरचं खाणं, प्रवास आणि समारंभ. रात्रीचं जेवण मुद्दाम उशिरा ठेवलं आहे, कारण ते घरातल्या सगळ्यांशी जोडलेलं असतं आणि दिवसाचा सगळा शीण घेऊन येतं.

२१ दिवसांत सवय लागते असं म्हणतात, ते विसरून जा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी रोजची कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधे एखादा दिवस चुकला तर सवय रुजण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हा त्यातला सगळ्यात दिलासा देणारा भाग. तेव्हा चौथ्या आठवड्यातही डोकं खर्च करावं लागत असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

भुकेचा हिशेब

पहिल्या महिन्यातली चिडचिड बऱ्याचदा इथे सापडते. एक नाश्ता जवळून पाहू. पूर्वी: पूर्ण स्निग्धांशाचं २५० मिली दूध घालून धान्याचे पोहे, आणि दोन अंडी. दुधातून सुमारे १५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं, अंड्यांतून आणखी सुमारे १५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. आता: तेच धान्याचे पोहे, बिनसाखरेचं बदाम दूध आणि एक केळं. बदाम दुधाच्या २५० मिलीमध्ये जेमतेम ३० ते ४० कॅलरी आणि १ ग्रॅम प्रथिनं, केळ्यात साधारण १०० कॅलरी आणि १ ग्रॅम. म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं सकाळीच गायब. अकरा वाजता हात थरथरतात, बारा वाजता सहकाऱ्याच्या साध्या प्रश्नावर राग येतो.

दुरुस्ती सोपी आहे. बदाम दुधाऐवजी सोया दूध घ्या. २५० मिलीत ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर दोन मोठे चमचे पीनट बटर घेतलं तर आणखी ७ ग्रॅम आणि सुमारे १९० कॅलरी.

प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं हा किमान आकडा धरला जातो. वनस्पतीजन्य प्रथिनांवरच असाल तर १ ग्रॅम धरणं शहाणपणाचं. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. शिजलेल्या मसुरीच्या किंवा हरभऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९ ग्रॅम, घट्ट टोफूच्या १०० ग्रॅममध्ये १२ ते १७, कोरड्या ओट्सच्या ५० ग्रॅममध्ये ६ ते ७. दर जेवणात यातला एक ऐवज तळहाताएवढा नव्हे, तर त्याच्या दीडपट असू द्या. शिजलेली मसूर १०० ग्रॅमला ११५ कॅलरींच्या आसपास असते, तर चीज ४००. तितक्याच आकाराचा घास घेऊन भागणार नाही. स्निग्ध पदार्थांना घाबरू नका. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, ३० ग्रॅम सुका मेवा म्हणजे सुमारे १७५. वीगन आहार आणि वजन उतरवण्याची मोहीम एकाच महिन्यात सुरू करणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तीन महिने फक्त आहार बदला, वजनाचं नंतर पाहा.

संध्याकाळच्या फ्रीजसमोरच्या त्या क्षणासाठी चार वाजताचं खाणं ठरवून ठेवा: मूठभर सुका मेवा आणि फळ, किंवा उकडलेल्या हरभऱ्यांची वाटी. घरी पोहोचताना भूक १० पैकी ५ च्या वर नसावी.

पोट फुगतं तेव्हा

कडधान्यांमधल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. तंतुमय पदार्थ एकदम दुप्पट झाले की पोट तक्रार करणारच. ते आठवड्याला ५ ग्रॅमच्या हिशेबाने वाढवा. व्यवहारात सांगायचं तर पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन मोठे चमचे शिजलेलं कडधान्य, दुसऱ्यात पाव वाटी, तिसऱ्यात अर्धी, चौथ्यानंतर हवं तितकं. सालं काढलेली मसूर, मूगडाळ आणि टोफू पोटाला हलके पडतात. राजमा, अख्खे हरभरे पुढे घ्या.

कडधान्य ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात शिजवा, आणि दोन बोटांत दाबल्यावर दाणा पूर्ण चुरडेल इतकं मऊ होऊ द्या. मधे कडक राहिलेला दाणा हे गॅसचं हमखास कारण. राजमा मात्र किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेवर हळूहळू शिजवण्याच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकला तर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. पाणीही वाढवा, नाही तर चोथा वाढल्यावर बद्धकोष्ठ होतो.

इथेच ताणाचा धागा येतो. ताण आला की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि आतड्यांची संवेदना तीव्र होते. एरवी जाणवलाही नसता इतका गॅस दुखायला लागतो. म्हणून तीच उसळ रविवारी पचते आणि कामाच्या धबडग्यात बुधवारी छळते. तिला यादीतून काढून टाकण्याआधी हे करून पाहा: जेवणाआधी पाच मिनिटं फोन बाजूला, चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मग सावकाश जेवण आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. आठवडाभर असं करूनही तोच पदार्थ तीनदा त्रास देत असेल, तरच तो तात्पुरता बाजूला ठेवा. त्रास झाला की एक पदार्थ कमी, असं करत गेलेली माणसं दोन महिन्यांत भात आणि बटाट्यावर येतात.

थकवा कुठून आला हे वेळेवरून ओळखा

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. चार रकाने: वेळ, काय खाल्लं, भूक ० ते १०, ताण ० ते १०, आणि सकाळी एक ओळ, किती तास झोप झाली. कॅलरी लिहायच्या नाहीत. त्या लिहायला लागलं की वहीच ताण बनते. पंधरा दिवसांनी पान उघडलं की नक्षी दिसते.

जेवणानंतर दोन तासांतच गळून जाणं, चिडचिड, आणि खाल्ल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत सुधारणा: जेवण कमी पडतंय. वरच्या हिशेबाकडे परत जा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच कपाळ ठणकणं, सुस्ती, कशातच मन न लागणं: दुधाबरोबर चहा-कॉफीच सुटली का ते पाहा. कॅफीन बंद झाल्यावर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि ती नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकते. दूध सोडणाऱ्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. सोया किंवा ओट दूध घालून, नाही तर कोरी, पण पूर्वीइतकीच कॉफी घ्या. ती कमी करायची असेल तर नंतर, हळूहळू.

कामाच्या दिवशी वाईट आणि सुट्टीला ठणठणीत, खाणं सारखंच: हा कामाचा किंवा झोपेचा ताण आहे. आहाराला हात लावू नका.

चांगलं जेवूनही आठवड्यामागून आठवडे थकवा, जिना चढताना धाप, चेहरा फिका: लोह तपासा. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना याचा धोका जास्त. डाळ-कडधान्याबरोबर लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची असं क जीवनसत्त्वाचं काहीतरी घ्या आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत. जास्तीचं लोह शरीराला घातक ठरतं.

हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि झोंबणारी, विसरभोळेपणा, कारण नसताना उदास वाटणं: बी १२. हा मुद्दा थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण याची लक्षणं ताणासारखीच दिसतात आणि माणसं ध्यान करत बसतात, गोळी घेत नाहीत. बी १२ जिवाणू तयार करतात. वनस्पतींमध्ये ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळातलं बरचसं बी १२ शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतं. यकृतातला साठा बरीच वर्षं पुरू शकतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातला थकवा नव्या आहारातल्या बी १२च्या कमतरतेचा नसतो. पण साठा आधीच कमी असेल तर लवकर उणीव भासते. आणखी एक खोच अशी की वीगन आहारात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर असतं. त्यामुळे रक्तातला दोष झाकला जातो, हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहतं. म्हणून ‘लक्षणं दिसली की घेऊ’ हे धोरण चुकीचं आहे.

पहिल्या दिवसापासून रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्या. आकड्यांतला हा प्रचंड फरक चुकीने पडलेला नाही. एका वेळी शोषणाची मुख्य वाट दीड-दोन मायक्रोग्रॅमला भरते आणि त्यापुढच्या मात्रेतला साधारण एकच टक्का आत जातो. गोळी दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवा, म्हणजे आठवणीचा वेगळा भार नको.

बाकीचं थोडक्यात: आयोडीनयुक्त मीठ, कारण आयोडीन कमी पडलं की थायरॉइडमुळेही मन मंदावतं, कॅल्शियम घातलेलं सोया दूध, पण पाकीट जोरात हलवून, कारण कॅल्शियम तळाशी बसतं, रोज एक मोठा चमचा कुटलेले जवस किंवा मूठभर अक्रोड, आणि ऊन कमी मिळत असेल तर ड जीवनसत्त्व.

तलफ आली की

डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं; अस्वल पुन्हापुन्हा मनात येत राहिलं. चीजचंही तेच होतं. विचार दाबायला जाऊ नका. ‘चीज खावंसं वाटतंय’ असं सरळ मनात म्हणा, घड्याळ पाहा आणि वीस मिनिटं थांबा. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरते. त्या वेळात आधी भूक ५ च्या वर आहे का ते पाहा. असेल तर ही तलफ नव्हे, जेवणाची वेळ आहे.

भूक नसेल तर चीजमध्ये नेमकं काय हवंय ते शोधा. ते खारट, स्निग्ध आणि ग्लुटामेटमुळे येणाऱ्या भरीव चवीचं असतं, आणि ही तिन्ही घरी जमतात. १०० ग्रॅम काजू कोमट पाण्यात दोन ते चार तास भिजवा आणि निथळून घ्या. त्यात १०० मिली पाणी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीची, निष्क्रिय केलेल्या यीस्टची पूड) आणि लसणाची एक पाकळी घालून मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं, मधे भांड्याच्या कडा खरवडून, गुळगुळीत होईपर्यंत फिरवा. कणीदार राहिलं तर काजू पुरेसे भिजले नव्हते. पातळ झालं तर मंद आचेवर ढवळत आटवा. हे चीज नव्हे आणि तसं स्वतःला सांगूही नये, नाही तर प्रत्येक घासाला तुलना होईल. परतलेल्या मश्रूमवर किंवा भाजलेल्या ब्रेडवर स्वतंत्र पदार्थ म्हणून खा.

ताणाचं खाणं याहून वेगळं. ताण लांबला की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक गोड आणि स्निग्ध पदार्थांकडे ओढतं. अशा वेळी ‘आता काय करू’ हे त्या क्षणी ठरवायचं नाही, आधी लिहून ठेवायचं. पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ची पद्धत इथे उपयोगी पडते: ‘जर संध्याकाळी घरी येताच काहीतरी चरावंसं वाटलं, तर आधी पाणी पिऊन चार वाजताचा उरलेला मेवा खाईन.’ ‘जर मीटिंगमध्ये केक आला, तर नको म्हणून कॉफीचा कप हातात धरेन.’ अशी तीनच वाक्यं पुरेत. दहा लिहिली तर आठवणार नाहीत.

निर्णयही कमी करा. प्रत्येक पाकिटावर व्हे, केसीन, लॅक्टोज (हे तिन्ही दुधातले घटक) आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) शोधत दुकानात उभं राहणं थकवतं. एका निवांत दिवशी बसून चालणाऱ्या बारा-पंधरा वस्तूंची यादी करा आणि दोन महिने त्याच घ्या.

माणसं

घरच्या जेवणाचा ताण बहुतेकदा दोन वेगळे स्वयंपाक करण्यातून येतो. भाजी, डाळ, भात, सॉस असा पाया सगळ्यांसाठी एकच आणि वीगन ठेवा. ज्यांना हवं त्यांनी वरून आपलं घालावं. जेवायला बसल्यावर आहारावर चर्चा करायची नाही, हा नियम दोन्ही बाजूंना लावा. ताट समोर असताना दिलेली माहिती समोरच्याला आरोपासारखी लागते.

‘मग प्रथिनांचं काय?’ या प्रश्नाला एक उत्तर तयार ठेवा: ‘डाळी, टोफू, सोया. रक्त तपासलंय, ठीक आहे.’ दर वेळी नव्याने बाजू मांडू नका, ते खरोखर दमवतं. कोणाकडे जेवायला जायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा, एक पदार्थ आपण करून न्या, आणि निघण्याआधी थोडं खाऊन घ्या.

चुकून खाल्लं, ठरवून खाल्लं

आहारावर ताबा ठेवणाऱ्यांचा अभ्यास करताना पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिवी यांना दिसलं की नियम एकदा मोडला असं वाटलं की ही माणसं थांबण्याऐवजी जास्तच खातात. ‘आता मोडलंच आहे, तर होऊ दे.’ नुकसान पहिल्या घासाने होत नाही. त्यानंतर ‘सोमवारपासून बघू’ म्हणत गेलेले चार दिवस महाग पडतात, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

म्हणून पुढचं जेवण, पुढचा दिवस नव्हे, पुढचं जेवण, नेहमीसारखं वीगन करा. ते मुद्दाम हलकं ठेवू नका, उपास करू नका. मग वहीत तीन गोष्टी: शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं, भूक किती होती, सोबत कोण होतं. एकदा झालं तर पान उलटा. त्याच जागी तिसऱ्यांदा झालं तर तिथली योजना बदला.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी अशी आहे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या आणि ‘वीगन’ हा शब्द रूढ करणाऱ्या वीगन सोसायटीच्या व्याख्येतच ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असे शब्द आहेत. शंभर टक्के निर्दोष राहण्याची अट तिथेही नाही. यातली सगळ्यात महत्त्वाची व्यावहारिक बाजू म्हणजे औषधं: कॅप्सूल जिलेटिनची आहे किंवा गोळीत लॅक्टोज आहे म्हणून औषध बंद करू नका. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. नसेल तर औषध घ्या.

कधी थांबायचं

चालणाऱ्या पदार्थांची यादी दर आठवड्याला आखूड होत असेल, जेवण चुकीचं होईल या भीतीने लोकांकडे जाणं टाळलं जात असेल, दिवसाचा मोठा भाग खाण्याच्या विचारात जात असेल, पाळी थांबली असेल किंवा ठरवलेलं नसताना वजन उतरत असेल, तर ही शिस्त राहिलेली नाही. अशा शुद्ध खाण्याच्या ध्यासाला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं. वही बंद करा, पोटभर जेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तरीही तेच. आहारात फेरफार करत वाट पाहू नका.

सगळं सुरळीत असेल तर बाराव्या आठवड्याच्या शेवटी वही एकदा वाचून काढा. कोणती जेवणं आता विचार न करता होतात आणि कोणती अजून ओढून न्यावी लागतात ते पाहा, आणि ओढून न्याव्या लागणाऱ्या जेवणांवर खूण करा. पुढच्या दोन महिन्यांत खूण केलेल्या जेवणांवरच काम करायचं. सहाव्या महिन्यात तीच रक्ततपासणी पुन्हा करा आणि अहवाल पहिल्या अहवालाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. बी १२ सीमारेषेवर दिसलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करता येईल का, ते विचारा. पेशींना बी १२ खरंच पुरतंय की नाही हे तिच्यातून अधिक नेमकं कळतं.